पुढची गाडी किती मिनिटांनी?

ब्रिस्बेनची 'मेट्रो' रबरी टायरांवर धावते. चोवीस मीटरहून थोडी जास्त लांब, तीन भाग एकमेकांना जोडलेली, विजेवर चालणारी ती एक देखणी बस आहे. स्वित्झर्लंडच्या हेस कंपनीची. २०१६ मध्ये तेव्हाचे महापौर ग्रॅहम क्वर्क यांनी योजना जाहीर केली तेव्हा, रबरी चाकांची का होईना, पण खरोखरची मेट्रो येणार असं चित्र होतं. पुढच्या वर्षभरात हिशेब मांडता मांडता तिची बस झाली. नाव तेवढं राहिलं. २०२५ च्या जानेवारीत पहिला मार्ग सुरू झाला, जूनअखेरीस दुसरा, आणि रेल्वेवेड्या मंडळींनी तिची यथेच्छ थट्टा केली. पुण्यात बीआरटीला, म्हणजे राखीव मार्गिकेतल्या बसला, कुणी मेट्रो म्हटलं असतं तर पुणेकरांनी जे केलं असतं, तेच.

मला ही थट्टा अर्धीच पटते. ब्रिस्बेनमध्ये बसगाड्या महापालिका चालवते आणि आगगाड्या क्वीन्सलँड राज्याच्या ताब्यात आहेत. महापौरांच्या हाती रूळ नाहीत, बस आहे. त्यांनी हाती होतं ते वापरलं. शिवाय २००० पासून त्या शहरात फक्त बससाठी वेगळे रस्ते बांधले गेलेत, त्यांवर स्वतःची स्थानकं आहेत, बोगदे आहेत. तिथे रिक्षा घुसत नाही की कुणी मोटार उभी करून चहाला जात नाही. आपल्या बीआरटीची जिथे वाट लागली, नेमकं तेच तिथे सांभाळलं गेलं. परिणाम असा की ही नावापुरती मेट्रो गर्दीच्या वेळी पाच-पाच मिनिटांनी येते, आणि त्याच शहरातल्या खऱ्याखुऱ्या रेल्वेच्या बऱ्याच मार्गांवर दुपारी अर्ध्या तासाला एक गाडी असते. मग मेट्रो कुणाला म्हणायचं?

ऑस्ट्रेलियातल्या चार मोठ्या शहरांनी गेल्या काही वर्षांत या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या वस्तू विकत घेतल्या. सिडनीने चालक नसलेली, जुन्या रेल्वेपासून पूर्ण वेगळी व्यवस्था घेतली. मेलबर्नने जुन्याच रेल्वेसाठी शहराखालून नवा बोगदा काढला. पर्थने उपनगरी रेल्वेचे फाटे लांबवले आणि त्या कार्यक्रमाला 'मेट्रोनेट' म्हटलं. ब्रिस्बेनची बस आपण पाहिलीच. यांची तुलना होते ती बहुधा किलोमीटर आणि अब्ज डॉलर यांच्यात. माझ्या मते विचारायचा प्रश्न फलाटावरचा आहे: ही गाडी चुकली तर पुढची किती मिनिटांनी?

डोंबिवलीत वाढलेला माणूसही घड्याळ पाहूनच निघतो, '८.४२ ची फास्ट' त्याला घरच्या माणसासारखी असते. पण ती त्याला हवी असते ओळखीच्या ग्रुपसाठी, चौथ्या सीटसाठी. ती गेली तर मागून दुसरी येतेय, हे त्याला ठाऊक असतं. ऑस्ट्रेलियाच्या उपनगरात गाडी चुकणं म्हणजे वीस मिनिटं वारा खात बसणं, आणि त्यापायी पलीकडची बसही चुकणं. असं चार वेळा झालं की माणूस मोटार घेतो. एकदा मोटार दारात आली की तिचा हप्ता, विमा सगळं भरलेलंच असतं. मग तो रेल्वेकडे फिरकत नाही.

सिडनीने हे नीट ओळखलं. तिथली जुनी रेल्वे दुमजली. बसायला जागा भरपूर, पण डब्याच्या एका बाजूला दारं दोनच, आणि वरच्या-खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यातून उतरेपर्यंत गाडी खोळंबलेली. त्यामुळे एका रुळावरून तासाला साधारण वीस गाड्यांपलीकडे मजल जात नाही. मेट्रोचे डबे एकमजली, दारं तीन, सीटा कमी. २६ मे २०१९ रोजी टॅलावाँग ते चॅट्सवूड हा ३६ किलोमीटरचा, तेरा स्थानकांचा मार्ग सुरू झाला. देशातली ही पहिली चालकविरहित प्रवासी रेल्वे. १९ ऑगस्ट २०२४ ला ती सिडनी बंदराखालून पुढे निघाली आणि मार्टिन प्लेस, गॅडिगल, सेंट्रल करत सिडनहॅमला पोचली. गर्दीच्या वेळी दर चार मिनिटांनी गाडी, दुपारी पाच. २०१९ ला धावू लागलेल्या गाड्या आंध्र प्रदेशातल्या श्री सिटीच्या आल्स्टॉम कारखान्यात बनल्या. आपल्या मुंबईच्या मेट्रो ३ च्या गाड्याही त्याच कारखान्याच्या. या गाड्यांना वेळापत्रक असतं ते यंत्रणेपुरतं. प्रवाशाला त्याची गरज पडत नाही. सिडनीकरांना ही सवय नव्हती. ती आता लागली आहे आणि ती मोडणं कुठल्याही सरकारला जड जाईल.

सिडनीची मेट्रो उत्तम आहे हे मान्य करूनच पुढचं म्हणतो. ती ज्या पद्धतीने वेगळी काढली गेली, ती पद्धत पाहण्यासारखी आहे. एपिंग ते चॅट्सवूड हा भुयारी मार्ग २००९ मध्ये दुमजली गाड्यांसाठी सुरू झाला होता. दहा वर्षं व्हायच्या आत, २०१८ मध्ये तो सात-आठ महिने बंद ठेवून मेट्रोला दिला. त्याला जोडून जे नवे बोगदे खणले ते मुद्दाम अरुंद ठेवले. जुनी दुमजली गाडी त्यांतून कधीच जाऊ शकणार नाही. अरुंद बोगदा स्वस्त पडतो, चढ-उतार तीव्र ठेवता येतात, हे तांत्रिक कारण खोटं नाही. पण मला यात सिंहगडावरचा सूर्याजी दिसतो. दोर कापले की मागे फिरता येत नाही.

दोर कापावेसे का वाटले याला इतिहास आहे. १९९८ मध्ये सिडनीला परमॅटा ते चॅट्सवूड रेल्वेचं वचन मिळालं होतं. झाला तो एपिंगपासूनचा अर्धाच तुकडा. शहरातल्या मेट्रोची आणखी एक योजना पैसे ओतून झाल्यावर २०१० च्या फेब्रुवारीत गुंडाळली गेली. एका सरकारने नकाशा काढायचा आणि दुसऱ्याने फाडायचा, असा खेळ चाललेल्या शहरात अरुंद बोगदा हा राजकीय विमा होता. दुसरा दोर मोटरमनचा. २०२४-२५ मध्ये पगारवाढीच्या वादात सिडनीची जुनी रेल्वे अनेकदा मंदावली, ठप्प होण्याच्या धमक्या आल्या. मेट्रो चालू राहिली, कारण तिच्यात संप करायला चालकच नाही. हे कारण अहवालाच्या पहिल्या पानावर कुणी छापत नाही, पण ते सगळ्यांना माहीत असतं.

म्हणून सिडनीची मेट्रो मला जुन्या रेल्वेविषयीचा कबुलीजबाब वाटते. जी व्यवस्था सुधारणं जमलं नाही, तिच्या शेजारी नवी उभी केली. जुनी मात्र जागेवरच आहे, आणि अजूनही बहुतेक शहर तीच वाहून नेते. २० मे २०२५ रोजी स्ट्रॅथफील्डजवळ ओव्हरहेड वायर गाडीवर पडली आणि संध्याकाळी घरी निघालेली माणसं जागोजागी अडकली. मुंबईकराला ही बातमी वाचून परकं काही वाटलं नसतं.

आणि बँक्सटाउन. १८९५ पासूनची ही उपनगरी शाखा चांगली चालत होती. सिडनहॅमपासून पुढे तिचंच मेट्रोत रूपांतर करायचं ठरलं आणि ३० सप्टेंबर २०२४ ला ती बंद झाली. रविवारचा मेगाब्लॉक वर्षाहून मोठा व्हावा तसं. फलाट वक्राकार, त्यामुळे गाडी आणि फलाट यांतली फट भरायला यांत्रिक पट्ट्या बसवाव्या लागल्या. बँक्सटाउनच्या पलीकडच्या छोट्या स्थानकांची शहराकडे जाणारी थेट गाडी गेली. चॅट्सवूडपासून बँक्सटाउनपर्यंतच्या, 'शहर आणि नैऋत्य' नावाच्या टप्प्याचा अंदाज १२ अब्ज डॉलरच्या आसपास होता, तो २१ अब्जांच्या वर गेला. या शाखेच्या गाड्या शहरातल्या वर्तुळाकार मार्गावरून हटल्या की बाकीच्या मार्गांना तिथे जागा होते, हा युक्तिवाद खरा आहे. तरीही जिथे रेल्वे आहे तिथे रेल्वे काढून रेल्वे घालायची, आणि जिथे मुळीच नाही त्यांना थांबा म्हणायचं, हे मला पटत नाही. शिवाय नव्या विमानतळाकडे जाणाऱ्या मेट्रोच्या गाड्या आणि वीजपुरवठा पुन्हा वेगळाच. ती सेंट मेरीजला जुन्या रेल्वेला भेटते, पहिल्या मेट्रोला कुठेच भेटत नाही. वेगळं राहायची चटक लागली की सख्खी भावंडंही वेगळी चूल मांडतात.

मेलबर्नने उलटं केलं. तिथल्या बोगद्याचं नावच 'मेट्रो टनेल', पण आतून जाते ती जुनीच उपनगरी रेल्वे: तेच रूळ, तेच तिकीट, पुढे चालक बसलेला. नऊ किलोमीटरचे जुळे बोगदे आणि आर्डेन, पार्कव्हिल, स्टेट लायब्ररी, टाउन हॉल, अँझॅक अशी पाच स्थानकं. २०१७ च्या सुमारास खोदाईची तयारी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दारं उघडली. वायव्येकडचं सनबरी आणि आग्नेयेकडचे क्रॅनबर्न, पेकनम हे मार्ग यातून एका सरळ रेषेत जोडले गेले. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या 'सिटी लूप' या भुयारी वर्तुळातून या गाड्या बाहेर पडल्या, त्यामुळे तिथे इतरांना जागा झाली. या योजनेची खुबी हीच, की फ्रँक्स्टनच्या वेगळ्या मार्गावरचा जो माणूस नव्या बोगद्यात कधी पाऊलही ठेवणार नाही, त्याच्याही गाडीला तिचा उपयोग होतो. विद्यापीठ आणि मोठी रुग्णालयं असलेल्या पार्कव्हिलला आजवर स्टेशन नव्हतं, सगळा भार ट्रामवर. ते एक स्टेशनच या बोगद्याचं निम्मं समर्थन आहे.

याच्या जोडीला मेलबर्नने केलेलं एक काम परदेशात फारसं चर्चिलं जात नाही: रेल्वे फाटकं काढणं. २०१५ पासून ते एकामागून एक फाटक हटवत आहेत, कुठे रूळ उचलून, कुठे खाली घालून. २०३० पर्यंत ११० हटवायची आहेत. दिवा स्टेशनाच्या फाटकाने लोकलचा खोळंबा केलेला ज्यांनी भोगला आहे त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. गाड्या वाढवल्या की फाटक जास्त वेळ बंद, रस्त्यावर रांगा, मग मोटारवाल्यांची बोंब. म्हणून गाड्या वाढवायच्याच नाहीत. ही गाठ मेलबर्नने सोडवली.

एवढं रांधून वाढताना मात्र हात आखडला. बोगदा उघडल्यावर पहिले दोन महिने दुपारी त्यातून दर वीस मिनिटांनी एक गाडी धावत होती. १३ अब्ज डॉलरहून अधिक खर्च करून बांधलेल्या, दोन-तीन मिनिटांनी गाड्या सोडू शकणाऱ्या सिग्नल यंत्रणेवर! फेब्रुवारी २०२६ पासून पूर्ण वेळापत्रक आलं, ते बरंच बरं आहे. पण शहरातल्या कितीतरी इतर मार्गांवर गर्दीची वेळ सरली की पुन्हा वीस मिनिटंच. साउथ यारासारख्या गजबजलेल्या स्टेशनाशेजारून बोगदा जातो पण तिथे थांबत नाही, ही चूक आता कायमची. वेळापत्रकाची चूक मात्र रोज दुरुस्त करता येण्यासारखी आहे. ती होत नाही याचं कारण सोपं आहे. जादा फेऱ्यांना चालक लागतात, पगार लागतात, आणि त्यांची फीत कापता येत नाही.

फीत कापायची तर 'सबर्बन रेल लूप' आहे. २०१८ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, डॅनियल अँड्र्यूज यांच्या सरकारने ही ९० किलोमीटरची अर्धवर्तुळाकार मेट्रो जाहीर केली. पहिला टप्पा चेल्टनम ते बॉक्स हिल: २६ किलोमीटर, सहा स्थानकं, ३४.५ अब्ज डॉलर, मुदत २०३५. ही मेट्रो चालकविरहित आणि जुन्या रेल्वेपासून वेगळी. म्हणजे एका बोगद्यात शहाणपण दाखवलेल्या मेलबर्नने दुसऱ्यात सिडनीची वाट धरली. उपनगराला उपनगर जोडण्याची कल्पना चुकीची नाही. प्रत्येकाला शहराच्या मध्यातूनच का नाचवायचं? पण पश्चिमेकडे पाहा. टार्नेट, विंडम व्हेल हा भाग देशात सर्वांत वेगाने वाढणाऱ्यांपैकी एक. भारतात जन्मलेले रहिवासी तिथे मोठ्या संख्येने आहेत, मराठी घरंही भरपूर. टार्नेटला २०१५ मध्ये स्टेशन मिळालं ते लांब पल्ल्याच्या मार्गावर. जिलाँगहून येणारी डिझेल गाडी तिथे वीस मिनिटांनी येते आणि सकाळी येतानाच भरलेली असते. आतल्या गर्दीला 'थोडं आत सरका' म्हणायची सोय इंग्रजीत नीटशी नाही. या मार्गाला वीज देऊन तो उपनगरी जाळ्यात घ्यायचं आश्वासनही २०१८ चंच. पूर्वेला ३४.५ अब्जांचं काम सुरू आहे, पश्चिमेला तारांचा पहिला खांब अजून नाही.

पर्थच्या मेट्रोनेटला रेल्वेशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत मेट्रो म्हणता येणार नाही. तरी मला तुलनेत सर्वांत जास्त आदर वाटतो तो पर्थचा. या शहराने १९७९ मध्ये फ्रीमँटलची शाखा बंद करून पाहिली, लोक खवळले, आणि १९८३ मध्ये ती पुन्हा सुरू करावी लागली. तेव्हापासून तिथे रेल्वे हा मतांचा विषय आहे. २००७ मध्ये मँडूराचा सत्तर किलोमीटरचा मार्ग झाला, शहराजवळ तो महामार्गाच्या मधोमध घातलेला. तेवढ्या भागात नवी जमीन घ्यायला नको, बोगदा खणायला नको. बस थेट स्टेशनात आणून सोडायची. २०१७ मध्ये राज्यात मार्क मॅकगोवन यांचं सरकार आलं, त्यानंतर नव्या मार्गांचा सपाटा लागला: २०२२ मध्ये विमानतळ, २०२४ मध्ये यान्चेप आणि एलनब्रूक, २०२५ च्या जूनमध्ये थॉर्नली ते कॉकबर्न. हा शेवटचा मार्ग पाहण्यासारखा आहे. सतरा-साडेसतरा किलोमीटरचा, मालगाड्यांच्या जुन्या रुळांशेजारून काढलेला, शहराच्या मध्यात न जाता दोन उपनगरी मार्गांना जोडणारा. मेलबर्न ज्यासाठी २६ किलोमीटर भुयार खणतंय त्या कल्पनेचं हे गरिबाघरचं रूप. विमानतळावर उतरून शहरात जायला पर्थमध्ये नेहमीचंच तिकीट लागतं. सिडनीच्या विमानतळ स्टेशनावर खासगी कंपनीचं वेगळं प्रवेशशुल्क मोजावं लागतं आणि ते मूळ भाड्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

पर्थचे दोषही मोठे आहेत. मेट्रोनेटचा खर्च सुरुवातीच्या आकड्याच्या कैक पट झाला. महामार्गाच्या मधे स्टेशन म्हणजे दोन्ही बाजूंना सुसाट मोटारी, जवळ ना घर ना दुकान, उन्हाळ्यात फलाटावर भाजून निघणं. स्टेशनातून चालत घरी जाणारा माणूस तिथे विरळा. पण २३-२४ लाख वस्तीच्या, दीडशे किलोमीटर लांब पसरलेल्या बैठ्या घरांच्या शहरात चालत जाण्याइतकं जवळ कोण राहतं? त्यांनी आपलं शहर जसं आहे तसं मान्य केलं आणि पंधरा मिनिटांची गाडी दिली.

ब्रिस्बेनकडे परत येतो, कारण तिथे अजून एक बोगदा अपूर्ण आहे. नदी ओलांडून शहराच्या मध्यात यायला तिथल्या रेल्वेला १९७८ चा मेरिव्हेल पूल हा एकच रस्ता. म्हणून 'क्रॉस रिव्हर रेल' आली: ५.९ किलोमीटरचे जुळे बोगदे आणि चार भुयारी स्थानकं. जाहीर किंमत ५.४ अब्ज होती. नव्या सरकारने सगळं धरून १७ अब्जांचा आकडा सांगितला आणि मुदत २०२९ वर नेली. २०३२ चं ऑलिंपिक दारात आहे. दरम्यान ऑगस्ट २०२४ पासून क्वीन्सलँडमध्ये शहरी बस, उपनगरी रेल्वे, बहुतेक कुठेही जा, भाडं फक्त ५० सेंट. लोक खूश आहेत आणि मीही टीका करणार नाही, गरिबाच्या खिशात चार पैसे राहतात. पण ५० सेंटांत अर्धा तास वाट पाहायची की तीन डॉलरांत दहा मिनिटं, असं विचारलं तर बहुतेक नोकरदार तीन डॉलर काढतील असं मला वाटतं. सरकारने तो पर्याय विचारलाच नाही.

मुंबईचा संबंध इथे खरा आहे, कारण सिडनीचाच पेच आपल्यापुढे आहे. लोकल केंद्राची, मेट्रो राज्याची. २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो जेमतेम साडेअकरा किलोमीटरची, पण ती अंधेरीला आणि घाटकोपरला लोकलला भिडते म्हणूनच एवढी भरते. सिडनीने व्यवस्था वेगळी केली तरी एक गोष्ट वेगळी केली नाही: भाडं. मेट्रोतून दुमजली गाडीत जा, कार्ड तेच आणि प्रवास एकच धरला जातो. आपण नेमकं तेच वेगळं ठेवलं. रूळ वेगळे असायला माझी हरकत नाही, पण माणसाचा प्रवास दोन तुकड्यांत का मोजायचा?

परदेशातल्या मराठी घरांत दर वर्षी आई-बाबा काही महिन्यांसाठी येतात. त्यांना मोटार चालवता येत नाही, येत असली तरी मुलं देत नाहीत. टॅलावाँगच्या बाजूला राहणाऱ्या घरातले आजी-आजोबा दुसऱ्या आठवड्यात मेट्रोने एकटे बारंगारूला जाऊन बंदर पाहून येतात. वेळापत्रक विचारायला कुणाला फोन करावा लागत नाही, गाडी येतच असते. टार्नेटमधले आजी-आजोबा स्टेशनपर्यंतच्या बसची वेळ कागदावर लिहून घेतात, मग जिलाँगच्या गाडीची, मग परतीची, आणि कागद फ्रिजवर लावून शनिवारी मुलगा मोकळा होण्याची वाट पाहतात.